१८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही संख्या आतून कशी आहे

प्रश्न असा आहे: १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस आकडी संख्या मूळ आहे का? नसेल तर तिचे अवयव कोणते, आणि ते कागद-पेन्सिलीने निघतील का? ती वर्गसंख्या किंवा त्रिकोणी संख्या आहे का? सोबत एक अडचणही लिहिली आहे. स्प्रेडशीटमध्ये ही संख्या टाकली की शेवटी शून्यं येतात. एका छोट्या प्रोग्रामने हिला २ ने भाग जातो असं सांगितलं. डोळ्यांना मात्र शेवटी ५ दिसतो. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

डोळ्यांवर. शेवटी ५ आहे म्हणजे संख्या विषम आहे, तिला २ ने भाग जाणारच नाही. बाकी दोघांनी तुम्हाला वेगळ्याच संख्यांची उत्तरं दिली आहेत. स्प्रेडशीट साधारणपणे पहिले पंधरा आकडे धरून ठेवते आणि पुढच्यांच्या जागी शून्यं भरते, म्हणून तिथे १८४४६७४४०७३७०९५००००० ही निराळी संख्या बसली. प्रोग्रामने संख्या बहुधा दशांश अपूर्णांकांच्या साठवणीत ठेवली असणार. त्या साठवणीत फक्त ५३ बिटांइतकी (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक द्विमान आकडा) अचूकता असते आणि आपली संख्या अचूक लिहायला पूर्ण ६४ बिटं लागतात. या टापूत त्या साठवणीला जमणाऱ्या संख्या एकमेकींपासून २०४८ च्या अंतरावर आहेत. त्यामुळे तुमची संख्या जवळच्या खुंटीला अडकवली गेली, आणि ती खुंटी म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१६, बरोबर एकाने जास्त. तिला २ ने भाग जातो हे खरंच आहे. किंबहुना तिच्यात २ सोडून दुसरा मूळ अवयवच नाही. या एकाच्या फरकाने माझीही एक अख्खी रात्र खाल्ली आहे. तेव्हापासून पंधरापेक्षा जास्त आकडे दिसले की मी आधी हिशेब पूर्णांकांत चालला आहे ना हे पाहतो, मगच पुढे जातो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय, ‘हिला कशाकशाने भाग जातो?’ पण मोठी संख्या समोर आली की मी आधी विचारतो, ‘ही आली कुठून, आणि हिची घडण काय?’ फरक मोठा आहे. एखादी सरसकट वीस आकडी संख्या उचलून हाताने अवयव काढायला बसलात तर तिच्या वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायची वेळ येऊ शकते. इथे वर्गमूळ सुमारे ४२९ कोटी ५० लाख आहे, आणि तिथपर्यंत २०३२८०२२१ मूळ संख्या आहेत. वीस कोटींहून जास्त भागाकार! ते माणसाचं काम नाही, संगणकाचं आहे, आणि त्याला ते सहज जमतं. त्यामुळे ‘हाताने निघतील का’ याचं उत्तर संख्येनुसार बदलतं. तुमच्या संख्येच्या बाबतीत ते ‘हो’ आहे, एका बैठकीत निघतील, कारण हिची घडण फार सुरेख आहे.

ती घडण ओळखायची कशी? शाळेतल्या कसोट्यांपासून सुरुवात करू. शेवटी ५, म्हणून ५ ने भाग जातो. आकड्यांची बेरीज ८७ येते. तिला ३ ने भाग जातो पण ९ ने जात नाही, म्हणून ३ हा अवयव एकदाच आहे. उजवीकडून एक आड एक आकडे मिळवत-वजा करत गेलं तर ३७ उरतात. त्याला ११ ने भाग जात नाही, म्हणजे ११ बाद. इथवर सगळेच जातात. यानंतर मी जे करतो ते बरेच जण करत नाहीत: संख्येच्या अलीकडे-पलीकडे, एक मिळवून आणि एक वजा करून बघतो, आणि वर्गमूळ काढतो. वर्गमूळ काढलंत तर ४२९४९६७२९५ च्या पुढे दशांश चिन्ह आणि मग नऊच नऊ दिसत राहतात. म्हणजे खरं वर्गमूळ ४२९४९६७२९६ ला अगदी चिकटून आहे. ४२९४९६७२९६ चा वर्ग करा, १८४४६७४४०७३७०९५५१६१६ येतो. आपल्या संख्येपेक्षा एकच जास्त!

आणि ४२९४९६७२९६ म्हणजे २ चा ३२वा घात. संगणकाशी रोजचा संबंध असलेल्यांना हा आकडा पाठच असतो. यापुढे २ चा ३२वा घात मी २^३२ असा लिहीन. तर आपली संख्या म्हणजे २^६४ − १.

इथेच एक शक्यता सांगून ठेवतो. ही संख्या तुम्हाला एखाद्या प्रोग्रामच्या नोंदींत सापडली असेल, तर तिच्या गणिती गुणांचा तिथे काहीही संबंध नसेल. ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. सगळीच्या सगळी बिटं १. आणि ऋण संख्या साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत −१ सुद्धा नेमका असाच, ६४ एक ओळीने, लिहिला जातो. कोणीतरी ‘सापडलं नाही’ या अर्थाने −१ परत पाठवला आणि वाचणाऱ्याने तो चिन्हरहित समजून छापला, की हीच संख्या पडद्यावर येते. तुमचं प्रकरण असं असेल तर चूक प्रोग्रामात शोधा. पण तुम्ही वर्ग आणि त्रिकोणी संख्यांबद्दल विचारता आहात, म्हणजे ओढ गणिताचीच दिसते. तेव्हा पुढे.

संख्या वर्गापेक्षा एकाने कमी आहे हे कळलं की शाळेतलं सूत्र पुरतं: अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). म्हणून २^६४ − १ = (२^३२ − १) × (२^३२ + १). यातला पहिला कंस पुन्हा त्याच रूपाचा आहे, तो पुन्हा फुटतो. त्यातला पहिला पुन्हा. असं करत करत शेवटी:

२^६४ − १ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

हे नुसत्या सूत्राने मान्य करण्यापेक्षा डोळ्यांनी पाहावं असं मला वाटतं. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे ओळीने ६४ एक. लहान नमुना घ्या, ओळीने आठ एक: ११११११११. ही दशमानातली २५५. तिचे मधोमध दोन तुकडे करा, ११११ आणि ११११. म्हणजे ११११ हा तुकडा एकदा जागच्या जागी आणि एकदा चार घरं डावीकडे सरकवून मांडला आहे. ‘एकदा इथे आणि एकदा चार घरं सरकवून’ हेच द्विमानात १०००१ ने गुणणं आहे, आणि १०००१ म्हणजे १७. म्हणून २५५ = १५ × १७. उरलेल्या ११११ चे पुन्हा दोन तुकडे: ११ गुणिले १०१, म्हणजे ३ × ५. चौसष्ट एकांची पट्टी अशीच आधी बत्तीस-बत्तीसमध्ये दुमडते, मग सोळा-सोळामध्ये, आणि प्रत्येक घडीला एक अवयव गळून पडतो. सहा घड्या, सहा अवयव.

हे सहाही २^(२^क) + १ या रूपाचे आहेत, क = ० पासून ५ पर्यंत. त्यांना फर्माच्या संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ मूळ आहेत हे चटकन तपासता येतं, ६५५३७ ही मूळ आहे. पिएर द फर्मा यांना १६४० च्या सुमारास वाटत होतं की या रूपाच्या सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. पुढची, म्हणजे आपल्या यादीतली शेवटची, ४२९४९६७२९७. तिचं काय हे जवळजवळ शंभर वर्षं कोणी सांगू शकलं नाही. १७३२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवलं की तिला ६४१ ने भाग जातो.

६४१ त्यांना सापडला कसा, हे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या ‘हाताने निघतील का’चं खरं उत्तर इथेच आहे. समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भाग घालवते. म्हणजे २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ उरते (पूर्ण भाग जायला एकच कमी पडतो), आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता २ चे घात एकामागून एक घेत त्यांची प ने भागून बाकी पाहत जा. बाकी पहिल्यांदा १ कधी होईल? तो घातांक ६४ चा विभाजक असणार, पण ३२ किंवा त्याहून लहान विभाजक चालणार नाही, कारण मग ३२ पाशीच १ आला असता, −१ नव्हे. म्हणून पहिल्यांदा १ येतो तो नेमका ६४व्या घाताला, आणि पुढे दर ६४ पावलांनी. तिकडे फर्मा यांचं स्वतःचं प्रमेय सांगतं की (प − १)व्या घाताला बाकी १ असतेच. म्हणजे प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. थोडक्यात, ४२९४९६७२९७ चा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असतो.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवा भागाकार पूर्ण जातो. वीस कोटींच्या जागी पाच! पुढे १८७८ मध्ये एदुआर लुका यांनी ही चाळणी आणखी बारीक केली: अवयव १२८ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असावा लागतो. तसं पाहिलं तर ६४१ पर्यंत फक्त २५७ आणि ६४१ उरतात, आणि २५७ आपोआप बाद होतो, कारण फर्माच्या कोणत्याही दोन संख्या सहमूळ असतात, म्हणजे त्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. म्हणजे पहिल्याच फटक्यात उत्तर. आणि ६४ च्या पटींच्या पहिल्या चाळणीसाठी लागणारं प्रमेय फर्मा यांच्याच हातात होतं, ही गोष्ट मला अजूनही चटका लावून जाते.

६४१ ने भाग जातो याची खात्री भागाकार न करताही देता येते. ही सिद्धता मी शिकवताना नेहमी फळ्यावर लिहितो आणि दर वेळी तितकाच आनंद होतो. ६४१ = ५ × १२८ + १, म्हणून ५ × २^७ ला ६४१ ने भागलं की बाकी −१. दुसरीकडे ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४; म्हणून ५^४ ची बाकी आणि −२^४ ची बाकी सारखीच. आता पहिल्या विधानाचा चौथा घात घ्या: ५^४ × २^२८ ची बाकी १. त्यात ५^४ च्या जागी −२^४ ठेवा. मिळतं: −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने नि:शेष भाग जातो. ज्यांना गुणाकारावरच भरवसा आहे त्यांच्यासाठी: ६७००४१७ ची ६०० पट ४०२०२५०२००, ४० पट २६८०१६६८०, आणि एक पट ६७००४१७. तिन्ही मिळवा, ४२९४९६७२९७.

उरली ६७००४१७. ती मूळ आहे का? तिचे अवयव हे ४२९४९६७२९७ चेही अवयव, म्हणून चाळणी तीच. वर्गमूळ २५८८ च्या थोडं पुढे. तिथपर्यंत १२८ च्या पटीपेक्षा एकाने जास्त असलेल्या मूळ संख्या फक्त पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ बाद आहेच. उरलेल्या चारांनी भागून पाहा. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४ आणि ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ. याच रीतीने ६५५३७ साठी तर एकच भागाकार पुरतो: १९३ ने भागल्यावर बाकी ११०.

तर इथवर हाती आलेलं एका ओळीत:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सात मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. संख्या मूळ नाही. याच्या सर्वांत जवळची धाकटी मूळ संख्या हवी असेल तर ती २^६४ − ५९ आहे, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१५५७.

अवयव मिळाले की बाकीचे गुण भराभर निघतात. विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे २^७ = १२८. स्वतः संख्या सोडून उरलेल्या १२७ विभाजकांची बेरीज संख्येच्या सुमारे ७० टक्के भरते, म्हणून ही न्यून संख्या. परिपूर्ण होण्यापासून, म्हणजे ती बेरीज नेमकी संख्येइतकी भरण्यापासून, बरीच दूर. हिच्यापर्यंतच्या आणि हिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या मोजल्या तर ९२०८९८१६२८६७०४४३५२० भरतात, निम्म्याला किंचित कमी.

ही सात अवयवांची यादी मला प्रत्यक्ष कामात लागली ती शिफ्ट रजिस्टरसाठी. शिफ्ट रजिस्टर म्हणजे बिटं ठेवणाऱ्या खणांची रांग: दर पावलाला सगळी बिटं एक घर सरकतात आणि मोकळ्या खणात आधीच्या काही बिटांवरून ठरलेलं नवं बिट येतं. ६४ खणांचं असं रजिस्टर नीट जुळवलं तर सगळे खण शून्य ही एक स्थिती सोडून बाकी सगळ्या, म्हणजे नेमक्या २^६४ − १ स्थितींतून फिरून मूळ जागी येतं. ते खरंच पूर्ण फेरी मारतं की मध्येच लवकर परत येतं हे एकेक पाऊल टाकून तपासणं अशक्य. मग करायचं असं: एवढ्या पावलांनी ते परत येतं ना, हे घातांकांच्या उड्या मारून (पावलं दर वेळी दुप्पट करत) बघायचं, आणि नंतर एकूण पावलांना ३ ने, ५ ने, १७ ने असं सातही अवयवांनी आळीपाळीने भागून, तेवढ्या पावलांत ते परत येत नाही याची खात्री करायची. सात तपासण्या, आणि काम फत्ते. यादीतला एक अवयव जरी राहून गेला तरी खात्री खोटी ठरते.

आता वर्गांचे प्रश्न. ही स्वतः वर्ग नाही हे शेवटच्या दोन आकड्यांवरूनच कळतं: ५ ने संपणारा वर्ग नेहमी २५ ने संपतो, इथे १५ आहे. दोन वर्गांची बेरीजही नाही, कारण ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते आणि दोन वर्गांच्या बेरजेला अशी बाकी कधीच येत नाही. तीन वर्गांचीही नाही. इथे ८ ने भागून पाहा, बाकी ७. कोणत्याही वर्गाला ८ ने भागलं तर बाकी ०, १ किंवा ४ एवढीच येते, आणि यांतल्या तिघांच्या कुठल्याही बेरजेला ८ ने भागून ७ उरत नाहीत, करून बघा. चार वर्ग मात्र नक्की पुरतात, कारण १७७० मध्ये लाग्रांज यांनी सिद्ध केलं की प्रत्येक धन पूर्णांक चार वर्गांच्या बेरजेने मांडता येतो.

बेरजेत इतकी अडून बसणारी ही संख्या वजाबाकीत फार उदार आहे. विषम संख्येच्या विभाजकांची प्रत्येक जोडी दोन वर्गांचा एक फरक देते, आणि १२८ विभाजकांच्या जोड्या ६४. म्हणजे २^६४ − १ ही दोन वर्गांच्या फरकाने बरोबर ६४ प्रकारे लिहिता येते. घातांकही ६४ आणि प्रकारही ६४ हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो. यातला सर्वांत घट्ट प्रकार आपण वर वापरलाच: ४२९४९६७२९६ चा वर्ग वजा १ चा वर्ग. फर्मा यांचीच अवयव काढायची एक रीत आहे, वर्गमूळाच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची, आणि उरलेलं वर्ग आहे का पाहायचं. नसेल तर पुढचा पूर्णांक. बहुतेक संख्यांना ही रीत रडत-रखडत चालते. इथे पहिल्याच पावलाला १ उरतो. लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणूनही ही १२७ प्रकारे मांडता येते. तीन संख्यांचा प्रकार ६१४८९१४६९१२३६५१७२०४, त्याच्या पुढची आणि तिच्या पुढची.

भूमितीतही हिचा एक धागा आहे. गाउस यांनी १७९६ मध्ये दाखवलं की १७ समान बाजूंचा सुसम बहुभुज फक्त पट्टी आणि कंपासने काढता येतो. बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. हे ‘लागतंच’ असं वान्त्सेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं. आपल्या संख्येतल्या पहिल्या पाच फर्मा संख्यांचा गुणाकार ४२९४९६७२९५. काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या बहुभुजांत आजवर माहीत असलेली ही सर्वांत मोठी बाजूसंख्या. आपली पूर्ण संख्या मात्र त्यात बसत नाही. ६४१ आणि ६७००४१७ आड येतात. आणि आपल्या संख्येत २ मिळवले की फर्माची पुढची संख्या येते, १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तीही मूळ नाही. फॉर्च्युने लान्द्री यांनी १८८० मध्ये तिचे अवयव काढले: २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१. संगणक नसताना!

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, त्रिकोणी संख्येचा. तो तुम्ही सहज विचारला असेल, पण सगळ्यांत खोल तोच आहे. १, १ + २, १ + २ + ३ अशा बेरजा म्हणजे त्रिकोणी संख्या: १, ३, ६, १०, १५, २१… आता २ च्या घातांपेक्षा एकाने कमी असलेल्या संख्या पाहा: १ त्रिकोणी आहे, ३ आहे, १५ आहे. ७ नाही, ३१ नाही, ६३ नाही. मग बराच वेळ काही नाही, आणि अचानक ४०९५: २^१२ − १, आणि १ पासून ९० पर्यंतची बेरीजही ४०९५. मग ६४व्या घाताशी असंच काही होत असेल का, ही शंका अगदी रास्त आहे.

कसोटी सोपी आहे. संख्येला ८ ने गुणून १ मिळवला आणि उत्तर पूर्ण वर्ग आलं, तरच ती त्रिकोणी. १५ ची १२१, म्हणजे ११ चा वर्ग. ४०९५ ची ३२७६१, म्हणजे १८१ चा वर्ग. आपल्या संख्येची १४७५७३९५२५८९६७६४१२९२१, म्हणजेच २^६७ − ७. हा वर्ग आहे का? मी सवयीने लहान मूळ संख्यांनी भागून बाक्या पाहिल्या. ३, ५, ७, ११, १३, १७ यांपैकी कोणीही नकार देत नाही. प्रत्येक बाकी वर्गाला शोभेल अशीच येते. म्हणून थेट मोजायचं. वर्गमूळ १२१४८००२००० च्या अगदी जवळ आहे. त्याचा वर्ग १४७५७३९५२५९२००४००००००, आपल्या आकड्यापेक्षा २३२७५८७०७९ ने मोठा. त्याच्या अलीकडच्या पूर्णांकाचा, १२१४८००१९९९ चा वर्ग याहून २४२९६००३९९९ ने लहान असतो, म्हणजे तो आपल्या आकड्याच्या खाली गेला. दोन लगतच्या वर्गांच्या मध्ये आपला आकडा अडकला आहे, म्हणून तो वर्ग नाही. आपली संख्या ६०७४०००९९९व्या आणि ६०७४००१०००व्या त्रिकोणी संख्यांच्या मधोमध कुठेतरी पडते.

एवढ्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण होतं: त्रिकोणी नाही. पण ६४ च्या जागी ६५, १०० किंवा १००० घेतले तर? १९१३ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांनी नेमकं हेच विचारलं होतं: २ च्या घातातून ७ वजा केल्यावर वर्ग कधी येतो? घातांक ३, ४, ५, ७ आणि १५ असताना येतो, असं त्यांनी लिहिलं, आणि एवढेच असावेत असा अंदाज मांडला. १९४८ मध्ये त्रिग्वे नागेल यांनी तो सिद्ध केला. घातांक ३ कमी करून वाचा: ०, १, २, ४, १२. म्हणजे ०, १, ३, १५ आणि ४०९५. या रूपाच्या त्रिकोणी संख्या एवढ्याच. ६४व्या घातापाशी नाही, आणि त्यापुढे कितीही लांब गेलात तरी आणखी एकही नाही.